फ्रॉइडचा धडा आणि थांबलेली प्रार्थना

खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने लिहिले आहे: ‘मावशी, मी बेळगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात मानसशास्त्र शिकते. फ्रॉइडचा धडा शिकवताना सर म्हणाले की, देव म्हणजे माणसाच्या मनाने निर्माण केलेला बाप आहे. त्या रात्रीपासून मला नीट प्रार्थना करता येत नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) एका वडीलधाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी हा विषय विश्वास मोडतो आणि मनाच्या दुखण्याला पवित्र शास्त्र पुरेसे आहे, असे बजावले. मी विषय बदलू का?’

बाळ, विषय बदलू नकोस. प्रार्थना थांबल्याचे तुझे दुःख मी हलके समजत नाही, कारण मीही मंडळीतच वाढले आहे. पण ज्या वाक्याने तू हादरलीस, ते नीट तपासून पाहा. प्रतिक्रियेला किती वेळ लागतो, स्मरण कसे टिकते, असे प्रश्न मानसशास्त्र प्रयोगाने तपासते. फ्रॉइडने १९२७ सालच्या आपल्या ग्रंथात धर्माविषयी मांडलेले मत अशा प्रयोगातून आलेले नव्हते, तर ते त्याचे तत्त्वचिंतन होते. एखादी श्रद्धा मनात कोठून आली हा एक प्रश्न, आणि ती खरी आहे की नाही हा वेगळा प्रश्न. पित्याची ओढ माणसात आहे, एवढ्यावरून पिता नाही असे सिद्ध होत नाही. इच्छेतून उपजलेली समजूत खोटीच असते असे नाही, हे स्वतः फ्रॉइडने त्याच ग्रंथात मान्य केले आहे. ही ओळ सरांना आदराने दाखव. झुरिकचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) ऑस्कर फिस्टर मनोविश्लेषण, म्हणजे मनात दडलेल्या गोष्टी बोलण्यातून उलगडण्याची फ्रॉइडची उपचारपद्धत, वापरीत आणि फ्रॉइडचे स्नेहीही होते. त्यांनी १९२८ साली फ्रॉइडच्याच नियतकालिकात त्याला सविस्तर उत्तर दिले, आणि तरीही त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. परीक्षेत मात्र फ्रॉइडचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे, त्याला पटेल असे लिही आणि मगच त्यावर टीका कर. दुसऱ्याचे मत विकृत करून मांडणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

वडीलधाऱ्यांना उलट उत्तर न देता पवित्र शास्त्रातील १ राजे या पुस्तकाचा अध्याय १९ त्यांच्यासोबत बसून वाच. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला अविश्वासाबद्दल दोष देत नाही; तो त्याला झोपू देतो, दोनदा उठवून भाकर आणि पाणी देतो, आणि देवाचा प्रश्न त्याला त्यानंतर येतो. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे प्रार्थना करूनच मिरजेच्या वॉनलेस इस्पितळात शस्त्रक्रियेला गेली, आणि त्यांचा विश्वास कमी पडला असे कोणी म्हटले नाही. मग मनाच्या आजारालाच वेगळा न्याय का लावावा? नैराश्याला पाप म्हणणे मला चूक वाटते आणि क्रूरही, कारण त्यामुळे आजारी माणूस आपले दुखणे मंडळीपासूनच लपवू लागतो.

या अभ्यासाचा एक धोका मात्र खरा आहे. चार प्रकरणे वाचून मंडळीतील माणसांच्या साक्षींना, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या देवाच्या अनुभवांना, आजारांची नावे देऊ नकोस. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने केलेला भेद स्वतःला लावून पाहा: धर्म आपण जगतो, की प्रतिष्ठेसाठी आणि आधारासाठी वापरतो? या प्रश्नाने माझी स्वतःची उपासना अधिक प्रामाणिक झाली. माणूस म्हणजे केवळ सवयींचा संच, असे एखादा सिद्धांत सांगू लागला, तर तेथे तू मतभेद नोंदवावास, कारण जबाबदारी आणि क्षमा यांना त्यात जागा उरत नाही.

सीमाभागाला तुझी गरज आहे. ‘जीव घाबरा होतो, छातीत धडधडते’ असे मराठीत सांगणाऱ्या बाईसमोर बसलेल्या माणसाला कन्नडही यावी, मराठीही यावी आणि तिची श्रद्धाही कळावी. त्यासाठी बी.ए.नंतर एम.ए. कर; चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (मनाच्या आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) व्हायचे असेल, तर पुढील प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तोवर मंडळीत कोणी त्रासात दिसल्यास समुपदेशक होऊ नकोस. त्या व्यक्तीला धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत नेण्यास घरच्यांना मदत कर, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलणे करून दे, आणि पाळकांना तिच्यासोबत प्रार्थना करण्यास अवश्य बोलाव.