मुलीला बारावी सायन्सला ८४ टक्के आहेत आणि तिला बीए इतिहास करायचंय, हातात काय पडणार?

तुम्ही लिहिलंय की मुलगी म्हणते एकतर बीए इतिहास नाहीतर बीएफए, म्हणजे चित्रकलेची डिग्री, आणि तुम्हाला वाटतं यात तीन-चार वर्षं फुकट जाणार. मी स्वतः इतिहासात बीए, एमए केलंय आणि मोडी या जुन्या मराठी लिपीतले कागद वाचून देण्यावर पोट भरतो, त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

नुसत्या डिग्रीला बाजारात किंमत नाही, इथे तुमचं बरोबर आहे. वर्षभर कॉलेजकडे फिरकायचं नाही, परीक्षेच्या तोंडावर गाईड आणून पाच-सहा प्रश्न घोकायचे आणि सेकंड क्लास काढायचा, असं बीए करणारे ढिगाने आहेत. पण असं केलेलं बीकॉमही तेवढ्याच लायकीचं असतं की.

आता माझं काम सांगतो. वकील लोक जमिनीच्या केससाठी जुनी खरेदीखतं, वतनाचे कागद घेऊन येतात. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा मारून घेतलेल्या असतात आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरं त्या रेघांना लटकवत नेलेली असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्द कुठे तुटतो तेही आपणच ठरवायचं. पेशवाईतल्या कागदावर साल असतं 'सलास सबैन मया व अलफ'. हे अरबी आकडे, एककापासून सुरू होतात, म्हणजे ३, ७०, १०० आणि १०००, झाले ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन १७७२-७३ येतं. आता 'किंवा' का, तर हे वर्ष, ज्याला शुहूर सन म्हणतात, ते मृग नक्षत्राला सुरू होतं, जानेवारीत नाही, त्यामुळे महिना बघितल्याशिवाय इसवी सन लावता येत नाही आणि कोर्टात एका वर्षाने दावा इकडचा तिकडे होऊ शकतो.

अक्षर ओळखणं सरावाने कुणालाही जमेल हो, खरी कसोटी पुढे आहे. वतनाच्या तंट्यात दोन्ही बाजू आपापला करीना लिहून द्यायच्या, म्हणजे आमचं घराणं कसं मूळचं, समोरचा कसा घुसखोर वगैरे. दोन्ही वाचले की दोन्ही खरे वाटतात! मग कोण लिहितोय, कधी लिहितोय, कोणासमोर मांडतोय आणि काय गाळतोय हे बघावं लागतं. ही सवय मला इतिहासाच्या वर्गात लागली, एका सरांनी अक्षरशः डोकं खाऊन लावली. आणि ती आयुष्यभर वापरात राहते, बिल्डरचं ॲग्रीमेंट वाचतानासुद्धा.

मी शिकत होतो तेव्हा मोडीला पुढे स्कोप आहे असं कुणीच सांगितलं नव्हतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली, जुनी दप्तरं निघाली, त्यात कुठे मोडी तर मराठवाड्यात कुठे उर्दू, आणि मग मोडी वाचणारे शोधत फिरायची वेळ आली. स्कोप स्कोप म्हणतात तो असा येतो, आधी कळवून येत नाही.

बीएफएचं प्रकरण वेगळं आहे. तिथे सीईटी असते, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, डिझाइन, मेमरी ड्रॉइंग हातानेच काढून दाखवावं लागतं, मार्क चांगले आहेत म्हणून कुणी घेत नाही. मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे, तिथली स्पर्धाही तशीच. अप्लाइड आर्ट केलं तर जाहिरात, पॅकेजिंग, ॲपचं डिझाइन असल्या नोकऱ्या दिसतात तरी, पेंटिंगला घरून काही वर्षं तरी आधार लागतो, उगाच रंगवून सांगत नाही. तिने चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्यात का? रोज स्केचबुक उघडते का? नसेल तर बीएफए आत्ताच बाजूला ठेवा.

इतिहासच ठरला तर कॉलेज नावावरून निवडू नका, तिथली मुलं मूळ कागद बघायला कुठे जातात का एवढं विचारा. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, सरकारचा जुनी दप्तरं सांभाळणारा पुराभिलेख विभागही घेतो, कुठेतरी तिला बसवून बघा. कंटाळली तर तिचं तिलाच कळेल, आणि तोवर बीएस्सीचा फॉर्मही भरून ठेवा, त्यात लाजायचं काही नाही.