जांभ्यावर झाड लावताना किती खोल खणायचं?

तुम्ही विचारलंय की डिचोलीला घरामागे दीड हात खणलं की चिरा (म्हणजे जांभा दगड) लागतो, तिथे आंब्याचं कलम आणि माड लावायचेत, तर मुळं खाली जावीत म्हणून चिरा किती फोडायचा?

फोडा, पण खोलीपेक्षा रुंदी जास्त धरा. मी उलटं करून बसलो होतो. पेडण्याला आमच्या परसात पहारीने चिरा फोडून चांगला तीन फूट खड्डा केला, वरची काळसर माती अंगणात पसरली आणि खड्डा खालच्या तांबड्या मातीनेच भरला. जूनमध्ये त्याची विहीर झाली. तळाला चिरा, चारी बाजूंना चिरा, पाणी जाणार कुठे? श्रावणात कलम पिवळं पडलं. उपटलं तर मुळं काळी आणि कुजकी.

मुळांना श्वास लागतो, हे तेव्हा लक्षात आलं. पाचोळ्याखालचा जो वीतभर काळपट थर असतो, त्यात हवा, कुजलेला पाला, गांडुळं सगळं असतं. अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक तिथेच पसरतात. त्याखालच्या तांबड्या थरात पावसाने वरून वाहून आणलेली चिकण माती साठते. आपल्याकडच्या पावसात चुना, पालाश (पोटॅश) धुपून जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. म्हणून ही माती लाल, आंबट, आणि घातलेला स्फुरद (फॉस्फरस) स्वतःच धरून बसते, झाडाला सहज सोडत नाही. तरी मूळ त्यातून खाली उतरतं, उन्हाळ्यातल्या ओलाव्यासाठी. खालचा जांभाही अगदी बंद नसतो. सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचा, काजू बघा, भेगांमधूनच वाट काढतो.

माडाची गोष्ट वेगळी. त्याला सोटमूळ नसतंच. बुंध्यातून दोरीसारखी मुळं फुटतात, त्यातली बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरच्या आत राहतात. म्हणून खत तेवढ्या घेरातल्या आळ्यातच द्यायचं, बुंध्याला चिकटवून नाही. जांभ्यात माडाचा खड्डा सव्वा मीटर घेतात, आणि लावणीच्या सहा महिने आधी त्यात दोन किलो मीठ टाकतात, चिरा मऊ व्हायला. आंब्याच्या खड्ड्यात मात्र मीठ नको.

वरची माती वेगळी ठेवा, शेणखत मिसळून तीच मुळांभोवती घाला. आणि मे महिन्यातच खड्डा पाण्याने भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तसंच दिसलं तर उताराकडे चर काढा, नाहीतर जागा बदला. माझं दुसरं कलम आठ पावलांवर लावलंय, तिथे पाणी तासाभरात जिरलं होतं.