प्लास्टिक पाइपातला पाण्याचा दणका: कुळागरात नवी लाइन टाकण्याआधी

फोंड्याकडच्या चढावरच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) विहिरीतून टाकीपर्यंत पाइप टाकताय, छान! पाणी एकदम अडलं की पाइपात दाबाची लाट धावते, तोच पाण्याचा दणका (वॉटर हॅमर). प्लास्टिक तो कसा जिरवतं आणि त्याचं गणिती मॉडेल लागेल का, हा तुमचा प्रश्न. प्लास्टिकची भिंत प्रत्येक लाटेसरशी ताणते, सावकाश पूर्ववत होते, त्यात ऊर्जा उष्णता होऊन जिरते. एचडीपीईत (लवचिक पॉलिथिन पाइपात) हे जास्त, म्हणून लाटा लवकर विरतात. पण पहिला दणका जिरत नाही, आणि पाइप फुटतो तो बहुधा त्यानेच. नवखे नेमके इथेच फसतात.

पीव्हीसीत लाट सेकंदाला साधारण ४०० मीटर धावते. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी एकदम अडलं की दाब सुमारे ४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) वाढतो. चढ २५ मीटर असेल तर त्याचे अडीच धरून एकूण साडेसहा. मग ४ किलोचा पाइप कसा टिकेल? ८ चा घ्या.

- बॉल व्हॉल्व्ह झटक्यात फिरवू नका. २०० मीटर लाइनवर लाट १ सेकंदात परतते. बंद करायला निदान १० घ्या.
- वीज गेली की पाणी उलटं फिरतं आणि साधी नॉन-रिटर्न झडप (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी) आपटते. स्प्रिंगची नॉन-रिटर्न झडप पाणी उलटण्याआधीच मिटते.
- लाइनच्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर जाऊ देणारा) हवाच.

गणिती मॉडेल सध्या राहू द्या.