कंप्रेसरचं गॅस्केट (जोडातून गळती रोखणारा पातळ थर) कंपनीने बंद केलंय. पुण्यात पाचच नग कापून मिळतील का?

मिळतील. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत चौकशी करा, फक्त डाय (कापायचा साचा) बनवण्याच्या फंदात पडू नका. पाच नगांना तो खर्च परवडत नाही. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या चाकूच्या मशीनला डाय लागतच नाही. डीएक्सएफ ड्रॉइंग (आराखड्याची संगणकावरची फाइल) द्यायचं. टेबलाखालचा व्हॅक्यूम शीट घट्ट धरतो आणि पातं भराभर खालीवर होत कापत जातं.

खरी गोम मापात आहे. जुन्या गॅस्केटवरून माप घेऊ नका, ते दाबाने पसरलेलं असतं, जाडीही घटलेली असते. मी एकदा घेतलं होतं. बोल्टची भोकं जुळेनात, आख्खी शीट वाया. आता फ्लँजवर, म्हणजे गॅस्केट जिथे बसतं त्या बोल्टच्या कडेवर, कागद ठेवतो, ग्रीसच्या बोटाने कडा चोळून छाप घेतो आणि भोकांमधलं अंतर व्हर्नियरने तपासतो. वेळ जातो, पण शीट वाचते.

कॉर्क, पातळ रबर, नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस शीट चाकूवर छान निघते. जाड रबर किंवा धातू असेल तर वॉटरजेट, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने कापणारं मशीन. टेफ्लॉन किंवा व्हिटॉन (फ्लोरिन असलेलं रबर) कोणी लेझरवर कापून देतो म्हणाला, तर सरळ नको म्हणा. तापल्यावर त्यातून फ्लोरिनचे विषारी वायू निघतात. आणि हो, शीटचा ग्रेड बिलावर लिहून घ्या.