‘फॅन’ (चाहता) आणि ‘टेस्ट’ (taste, म्हणजे आवड, रसिकता किंवा चव) या इंग्रजी शब्दांआधी ‘द’ लावायचा की नाही?

तुमच्या मुलीने इंदूरच्या होळकर क्रिकेट स्टेडियमवरच्या परिच्छेदात ‘द फॅन्स हॅव द गुड टेस्ट’ लिहिलं आणि बाईंनी दोन्ही ‘द’ कापले, असं तुम्ही म्हणता. दुसरा चुकलाच आहे. पहिला मात्र संदर्भावर ठरतो: एकूणच चाहते म्हणायचे असतील तर नुसतं ‘फॅन्स’, त्या दिवशी स्टेडियममध्ये बसलेले असतील तर ‘द फॅन्स’ बरोबर.

खरी मेख ‘टेस्ट’मध्ये आहे. रसिकता या अर्थाने ते नाम मोजता येत नाही, म्हणून ‘हॅव गुड टेस्ट’. एखाद्या गोष्टीची आवड म्हटली की ‘अ टेस्ट फॉर म्युझिक’. इंदूरच्या सराफा बाजारातल्या गराडूची (तळलेल्या कंदाची) चव सांगायची तर ‘द टेस्ट ऑफ गराडू’.

आपल्याकडे सगळ्यात जास्त गळतो तो ‘अ’. इंदुरात १९२९ साली जन्मलेल्या लताबाईंबद्दल मुलं हमखास ‘आय ॲम फॅन ऑफ लता मंगेशकर’ लिहितात. मराठीत ‘मी त्यांचा चाहता आहे’ म्हणताना ‘एक’ लागत नाही ना! इंग्रजीत ‘अ फॅन’ हवंच. आधी ‘ॲव्हिड’ आलं तर ‘ॲन ॲव्हिड फॅन’, पण ‘अ युनिक टेस्ट’, कारण तिथे उच्चार ‘य’ने सुरू होतो.