पदवीविना घडलेला वास्तुकार

प्रश्न : जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांनी वास्तुकलेचे रीतसर शिक्षण घेतलेच नव्हते, असे वाचले. मग ते शिकले कसे? शिवाय त्यांच्या एका गाजलेल्या घरात या खोलीतून त्या खोलीत जाताना पावसात भिजावे लागते म्हणतात. हा दोष नव्हे काय?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. १९४१ साली ओसाकात जन्मलेल्या आंदो यांना आजीने वाढवले. तरुणपणी ते काही काळ व्यावसायिक मुष्टियुद्धही खेळले. विख्यात आधुनिक वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांचे आराखडे पुन्हा पुन्हा गिरवून त्यांनी हात बसवला आणि १९६५ मध्ये ते युरोपात इमारती पाहत हिंडले. मात्र ज्यांना भेटण्याची आस होती, ते कॉर्ब्युझिए त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. (याच कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी काम शिकले, याची येथे आठवण होते.) १९६९ मध्ये आंदो यांनी ओसाकात स्वतःचे कार्यालय थाटले.

आपण म्हणता ते घर ओसाकातील सुमियोशी भागात १९७६ साली पूर्ण झाले. दोन्ही बाजूंना घरे, दर्शनी भिंतीला दरवाजाखेरीज एकही खिडकी नाही आणि रुंदी जेमतेम सव्वातीन मीटर. अशा चिंचोळ्या जागेचे तीन सारखे भाग करून आंदो यांनी मधला भाग आभाळाला मोकळा ठेवला. त्यामुळे पावसाळ्यात झोपण्याच्या खोलीतून स्नानगृहाकडे जाताना छत्री लागते. ज्यांचे बालपण पेठेतल्या वाड्यात गेले, त्यांना चौक ओलांडून न्हाणीघराकडे जाण्याची ही सवय नवी वाटणार नाही. वृद्धांना आणि आजाऱ्यांना असे घर जाचक आहे, हे मी नाकारणार नाही. तरीही मी याला दोष म्हणणार नाही, कारण तो चौक छपराखाली घेतला असता, तर त्या घरात ऊन, वारा आणि ऋतू शिरायला वाटच उरली नसती.

आंदो यांच्या इमारतींच्या भिंतींना गिलावा नसतो. सुमारे ९० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब, म्हणजे साधारण जपानी घरात जमिनीवर अंथरतात त्या तातामी चटईएवढ्या फळ्यांचे शटरिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) इतके काटेकोर बसवतात, की उघडे काँक्रीटही हाताला गुळगुळीत लागते. १९९५ साली त्यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील एक लाख डॉलर त्यांनी कोबेच्या भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी दिले.

ओसाकाजवळच्या इबाराकी येथील १९८९ च्या चर्चमध्येही ऊन-वारा आत यावा, हा सुमियोशीच्या घरातलाच त्यांचा आग्रह दिसतो. तेथे वेदीमागच्या भिंतीला क्रूसाच्या आकाराची फट ठेवून त्यांनी प्रकाश आत घेतला. त्या फटीला काच नसावी, वाराही आत यावा, अशी त्यांची इच्छा होती. थंडीचा विचार करून शेवटी काच बसवावी लागली.