गुरखा, गुराखी आणि लाहोर न पाहिलेले लाहुरे

प्रश्न असा आला आहे : ‘गुरखा’ हा शब्द ‘गुराखी’वरून आला का? लिहायचे ‘गुरखा’ की ‘गोरखा’? आणि परक्या देशाच्या सैन्यात नोकरी करणाऱ्या नेपाळी सैनिकाला मराठीत ‘भाडोत्री सैनिक’ म्हणणे बरोबर आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल झटपट लावू, खरी मजा तिसऱ्यात आहे. पण त्याआधी जरा चिडून घेतो. परवा जिन्यात एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, ‘‘आमचा नवा गुरखा बिहारचा आहे, पण माणूस चांगला आहे.’’ त्यातल्या ‘पण’ची चूक भाषेची नाही म्हणून सोडून देतो. ‘गुरखा’ची चूक मात्र सोडवत नाही. गुरखा म्हणजे पहारेकरी नव्हे. गुरखा ही जातही नव्हे. मगर, गुरुंग, राई, लिंबू, छेत्री अशा निरनिराळ्या समाजांतल्या माणसांना पलटणीच्या हजेरीपटाने एका नावाखाली आणले, आणि निवृत्तीनंतर त्यांतले काही शहरांत काठी-शिट्टी घेऊन फिरू लागले म्हणून आपण त्या नावाची नोकरीच करून टाकली.

आता गुराखी. गोर्खा हे काठमांडूच्या पश्चिमेचे डोंगरावरचे गाव. १५५९ मध्ये द्रव्य शाहाने ते घेतले आणि त्याच गादीवरच्या पृथ्वीनारायण शाहाने १७६८-६९ मध्ये काठमांडूचे खोरे जिंकले. गावाचे नाव गोरखनाथावरून. तिथल्या राजवाड्याखाली गोरखनाथाची गुहा आहे. हा गोरखनाथ आपल्याला परका नाही. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही ज्ञानदेवांनी सांगितलेली गुरुपरंपरा शाळेत पाठ केलेली असते. म्हणजे गुरखा पलटणीचे नाव आणि आळंदीची परंपरा एकाच नाथापाशी जाऊन मिळतात. गायींचे रक्षण करणाऱ्या क्षत्रियांना ‘गोरक्ष’ पदवी मिळाली आणि त्यांचे वंशज ते गुरखे, असे छातीठोक सांगणारे विद्वान मला दरवर्षी भेटतात. पदवी कोणी दिली, कधी दिली, असे विचारले की त्यांना तातडीचे काम आठवते.

‘गुराखी’ वेगळ्या वाटेने आला. गुरे राखणारा तो गुराखी. ‘गुरे’ हा शब्द संस्कृत ‘गोरूप’पासून, आणि त्याच ‘गोरूप’पासून नेपाळीत ‘गोरु’ म्हणजे बैल. तेव्हा गुरखा आणि गुराखी हे चुलतभाऊ, बापलेक नव्हेत. नेपाळीत गुराख्याला ‘गोठालो’ म्हणतात. त्यात आपला गोठा तुम्हाला दिसलाच असेल.

ही नाती जुळवायला ज्याचा आधार घ्यावा लागतो, तो इंग्रज भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर स्वतः गुरखा पलटणीतला अधिकारी होता. पहिले महायुद्ध त्याने तिसऱ्या गुरखा रायफल्समध्ये काढले. युद्ध ऐन भरात असताना, १९१६ मध्ये, त्याचा एक लेख छापून आला, आणि त्याचा विषय होता मराठीतला आघात, म्हणजे उच्चारातला जोर! १९३१ मध्ये त्याचा नेपाळी भाषेचा व्युत्पत्तिकोश आला. त्या कोशाच्या प्रस्तावनेत आपल्या शिपायांबद्दल लिहिलेली त्याची वाक्ये १९९७ मध्ये लंडनमधल्या गुरखा सैनिकाच्या पुतळ्यावर कोरली गेली. कोशाची प्रस्तावना दगडावर कोरली जाण्याचा मान आणखी कोणा कोशकाराला मिळाला असेल तर मला जरूर कळवा.

आता ‘भाडोत्री’. हा शब्द वर्तमानपत्रांत इतक्या सहज पडतो की लिहिणाऱ्याने त्यावर क्षणभरही विचार केला नसणार. १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या जोडपत्राने भाडोत्री सैनिकाची व्याख्या केली आहे, आणि लढणाऱ्या देशाच्या सैन्याचा जो रीतसर भाग आहे तो त्या व्याख्येत बसत नाही. गुरख्यांची भरती तर तीन सरकारांच्या संमतीने ठरलेली. ९ नोव्हेंबर १९४७ रोजी नेपाळ, भारत आणि ब्रिटन यांच्यात करार झाला आणि दहा रेजिमेंटांची वाटणी झाली. दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी ब्रिटनकडे गेल्या, बाकी सहा भारताकडे राहिल्या. पगार, पेन्शन, शपथ सगळे कागदावर. याला भाडे म्हणायचे असेल तर सरकारी नोकरीत असलेला प्रत्येक जण भाडोत्रीच.

आपल्याला हा शब्द इतका सोपा का वाटतो? माझा संशय गारद्यांवर आहे. पानिपतावर इब्राहिमखान गारदी पेशव्यांच्या बाजूने लढला आणि शत्रूच्या हाती सापडून मारला गेला ते १७६१ मध्ये, पण मराठीच्या लक्षात राहिला तो १७७३ मध्ये नारायणरावाच्या अंगावर धावून गेलेला सुमेरसिंग गारदी. तेव्हापासून पैसे घेऊन लढणारा परका म्हणजे विश्वासघातकी, हे समीकरण आपल्या भाषेत मुरले. गारदी हा शब्द सरळ ‘गार्द’चा, म्हणजे पहाऱ्याच्या युरोपीय शब्दाचा आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाचे कर्ते कर्नल यूल यांना मात्र त्यात अरबी ‘गर्बी’, म्हणजे पश्चिमेकडचा, याचा वास आला, आणि ‘गार्द’ने फक्त त्याचे रूप बिघडवले असे त्यांनी सुचवले. यूल मोठा माणूस, पण इथे त्यांचे पांडित्य त्यांना आडवे आले. फ्रेंच धर्तीची कवायत शिकलेल्या पायदळाला फ्रेंच कवायतीतलाच शब्द चिकटला, यासाठी अरबस्तानापर्यंत जायची गरज काय?

असो. नेपाळी माणूस या सैनिकाला काय म्हणतो, ते पाहा. तो म्हणतो ‘लाहुरे’. हा शब्द मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. मराठी कानाला अनेकवचन वाटते, पण एकवचनच आहे : तो लाहुरे. त्याची बायको लाहुरेनी, जशी सुभेदाराची सुभेदारीण. अर्थ : परमुलखातल्या फौजेत नोकरी करणारा. आणि मूळ : लाहोर.

ब्रिटनच्या फौजेतला शिपाई लाहोरचा कसा? १८१४ मध्ये कंपनी सरकार आणि नेपाळ यांचे युद्ध जुंपले. डेहराडूनजवळ नालापानीच्या गढीत बलभद्र कुँवर सुमारे ६०० माणसांनिशी होता, त्यांत बायका-मुलेही होती. पहिल्याच मोठ्या हल्ल्यात कंपनीचा जनरल गिलेस्पी पडला. गढी महिनाभर हटेना, तेव्हा इंग्रजांनी तिचे पाणी तोडले. शेवटी बलभद्र उरलेल्या सत्तरेक माणसांना घेऊन बाहेर पडला. पुढे तो गेला रणजितसिंगाच्या फौजेत, लाहोर दरबारी, आणि १८२३ मध्ये नौशेऱ्याला अफगाणांशी लढताना मारला गेला. डेहराडूनला इंग्रजांनी शेजारी शेजारी दोन स्तंभ उभे केले, एक गिलेस्पी आणि आपल्या मृतांसाठी, दुसरा बलभद्रासाठी. बलभद्राच्या या स्तंभावर त्याच्या माणसांचा शेवट रणजितसिंगाच्या चाकरीत झाल्याचेही नोंदलेले आहे. लाहुरे शब्दाची व्युत्पत्ती सांगणारा एवढा भक्कम दगड असताना मी आणखी पुरावा शोधत बसत नाही.

यावर एक नेहमीचा आक्षेप असतो : कंपनीने १८१५ मध्येच, लढाई चालू असतानाच, गुरख्यांच्या पलटणी उभारल्या होत्या, मग शब्द कंपनीवरून का पडला नाही? (त्यांतल्याच सिरमूर बटालियनने १८५७ मध्ये दिल्लीच्या टेकडीवर हिंदुरावांची हवेली तीन महिने धरून ठेवली. ४९० पैकी ३२७ माणसे ठार वा जखमी झाली. हे हिंदुराव म्हणजे कागलकर घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. त्या जागी आता इस्पितळ आहे.) आक्षेप घेणाऱ्यांना भाषा कशी वागते ते ठाऊक नाही. शब्द हिशेब ठेवत नाही, आठवण ठेवतो. डोंगरातल्या माणसाच्या तोंडी जे पहिले मोठे दरबारी नाव बसले, तेच चाकरीचे नाव झाले. १८४९ मध्ये लाहोरचे राज्यच खालसा झाले. तरी पुढे फ्रान्सच्या चिखलात, ब्रह्मदेशाच्या जंगलात, मलायात आणि हाँगकाँगमध्ये गेलेला प्रत्येक जण घरच्यांच्या लेखी लाहुरेच राहिला. डेलियाच्या फुलालाही नेपाळीत लाहुरे फूल म्हणतात. तेही बाहेरूनच आलेले.

आपण काय वेगळे करतो? मॉरिशसहून आली म्हणून साखरेला ‘मोरस’ म्हटले, मग नगर जिल्ह्यात कारखान्यांची धुराडी उभी राहिली तरी आजी दुकानात मोरसच मागत होती. नेपाळीत हिंदुस्थानात कामाला जाणे म्हणजे ‘मुगलान’ला जाणे. मोगल जाऊन दीडशे वर्षे झाली तरी मुगलान. आणि आपण निजामाच्या मुलखाला काय म्हणत होतो? मोगलाई. तिकडे मुगलान, इकडे मोगलाई. मधे हजार-दीड हजार किलोमीटर, आणि दोघांनीही बुडालेल्या राज्याचा पत्ता बदलायचे कष्ट घेतले नाहीत.

लाहुरेला मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर ‘भाडोत्री’ नको, ‘चाकरमानी’ बघा. कोकणातला चाकरमानी मुंबईला गिरणीत असे, पण शब्द तयार झाला तो गावच्या ओसरीवर. लाहुरेचेही तसेच. हा शब्द छावणीत घडला नाही, पोखऱ्याच्या आणि धरानच्या घरांत घडला. मालकाच्या बाजूने पाहिले तर तो गुरखा, आईच्या बाजूने पाहिले तर लाहुरे. फरक एवढाच की चाकरमान्याला गणपतीला रजा मिळत असे.

आता माझा एक तर्क, हसलात तरी चालेल. गुरख्यांच्या भरतीसाठी डोंगरांत फिरून पोरे गोळा करणारा माणूस, बहुधा जुना शिपाई, त्याला ‘गल्लावाला’ म्हणत. माणशी दलाली मिळे. मराठी वाचक म्हणेल, गल्ला म्हणजे दुकानातली पैशांची पेटी, म्हणून दलाल तो गल्लावाला. मी म्हणतो, नाही. आपला गल्ला अरबी ‘ग़ल्ला’, म्हणजे धान्य, याच्यापासून आला. भरतीचा गल्ला मात्र फारसी ‘गल्ला’, आणि त्याचा अर्थ कळप. कळप हाकत खाली मैदानात आणायचा आणि भरतीच्या ठाण्यावर मोजून द्यायचा. त्यांतले एक मोठे ठाणे होते गोरखपूरला, पुन्हा त्याच गोरखनाथाच्या नावाच्या शहरात! म्हणजे प्रश्नकर्त्याला गुरख्यात जो गुराखी दिसला तो अगदीच भास नव्हता. तो भरती होणाऱ्यात नव्हता, भरती करणाऱ्यात होता.

लिहायचे कसे, हे राहिलेच. नेपाळी उच्चार गोर्खा. भारतीय सैन्याने स्वातंत्र्यानंतर ‘गोरखा’ पत्करले, ब्रिटिशांनी ‘गुरखा’ ठेवले, आणि मराठीत ‘गुरखा’ इतका रुळला आहे की तो उपटायला मी जाणार नाही. मात्र आपल्या सैन्यातल्या रेजिमेंटचे नाव लिहिताना ‘गोरखा रायफल्स’च लिहा. ‘कुकरी’ हे साहेबाचे रूप आहे, मूळ खुकुरी. ‘कुकरी’ लिहिले की अर्ध्या वाचकांना पाककृती आठवते.

आणि फाटकावरच्या माणसाला रखवालदार म्हणा. ‘रखवाल’ म्हणजे संस्कृत रक्षापाल, त्याला फारसी ‘दार’ जोडला. गोरक्षातला, गुराख्यातला आणि याच्यातला ‘रक्ष’ एकच, आणि बिहारच्या माणसालाही तो चालतो.